फ्लॉरेन्सच्या गाईड ताईंना पत्र

ताई,

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत लिहितोय, कारण मनातलं इंग्रजीत नीट उतरत नाही. माझी मुलगी तुम्हाला वाचून अर्थ सांगेल.

बत्तीस वर्षं मी कोल्हापुरात शाळेतल्या पोरांना चित्रकला शिकवली. इटलीतलं तुमचं फ्लॉरेन्स शिकवलं ते पुस्तकातल्या फोटोंवरून. निवृत्तीनंतर मुलीने तिथे आणलं, तर गुडघ्याने दगा दिला. आदल्या दिवशी एका गटाबरोबर निघालो होतो. दहा मिनिटांत मागे पडलो आणि पुढे काय सांगितलं ते कानावरही आलं नाही. त्यामुळे तुमच्याबरोबर यायचंच नाही असं मी ठरवलं होतं. तुम्ही मात्र माझी चाल पाहिलीत आणि सगळ्या गटाला सांगितलंत, आज आपण या सरांच्या पावलांनी चालू.

बाप्तिस्तेरीच्या, म्हणजे बाप्तिस्मा द्यायच्या वास्तूच्या, सोनेरी दरवाजापाशी तुम्ही फार थांबला नाहीत. शिल्पकार गिबेर्तीची सत्तावीस वर्षं त्यात गेली, 1425 ते 1452, हे सांगितलंत, चौकटीतलं त्याचं स्वतःचं टकलं डोकं दाखवलंत, अस्सल दरवाजे आता संग्रहालयात आहेत हेही लपवलं नाहीत. तिथून थेट ओर्सानमिकेले. एके काळचा हा धान्याचा बाजार. बाहेरच्या भिंतीत कोनाडे, आणि प्रत्येक कोनाड्यात त्या त्या धंद्याच्या संघाने बसवलेला संत. सगळ्यांच्या माना वर, एका कोनाड्यातल्या चार संतांच्या पुतळ्यांकडे. तुम्ही म्हणालात, आधी खाली बघा.

खाली हातभर उंचीच्या पट्टीत चार कारागीर काम करत होते. एक भिंत रचतोय, दुसरा गिरमिटाने खांबाला भोक पाडतोय, तिसरा कर्कटकाने खांबाचा माथा मोजतोय, चौथा दगडातून एक बाळ कोरून काढतोय. दगड-लाकडाच्या कारागिरांच्या संघाने हे काम दिलं आणि नान्नी दी बान्कोने केलं, तोही पाथरवटाचाच मुलगा. ताई, वरच्या चार संतांचा फोटो मी वर्गात कितीतरी वेळा दाखवला असेल. खालची पट्टी पुस्तकात कापलेली होती. माझ्या वर्गात गवंड्यांची, सुतारांची पोरं बसायची. त्यांच्या बापाच्या हातातली हत्यारं सहाशे वर्षांपूर्वी कुणी इतक्या मानाने दगडात कोरली आहेत, हे मला त्यांना सांगता आलं असतं. याची हळहळ वाटते, आणि तुम्ही दाखवलंत म्हणून आनंदही तेवढाच आहे.

पुढे अनाथ बालकांच्या त्या जुन्या आश्रमाच्या पायऱ्यांवर तुम्ही मला बसवलंत. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने 1419 मध्ये हात घातलेल्या त्या कमानी, आणि दोन कमानींच्या मधे शिल्पकार आंद्रेया देल्ला रोब्बियाची निळ्या गोलातली पांढरी बाळं. कुणाचं दुपटं घट्ट बांधलेलं, कुणाचं सुटून पायाशी आलेलं. इथे बाळ ठेवून जाताना आया अर्धं नाणं बाळाजवळ ठेवायच्या आणि उरलेला अर्धा तुकडा स्वतःजवळ जपायच्या, कधी परत आलं तर ओळख पटावी म्हणून. हे सांगताना तुमचा आवाज खाली आला होता. रोज सांगत असाल, तरी आला होता.

तिथेच तुम्ही विचारलंत, गाव कुठलं? कोल्हापूर म्हटल्यावर तुम्ही माझ्याकडे बघतच राहिलात. आमचे राजाराम महाराज 30 नोव्हेंबर 1870 रोजी, इंग्लंडहून परतताना, तुमच्या शहरात वारले. वय विशीचं. अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. आमचं राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाचं, त्यामुळे एवढं मला माहीत होतं. पण त्यांचं स्मारक कुठे आहे, तिथे कसं जायचं, काहीच ठाऊक नव्हतं. तुमचं काम दुपारी संपलं होतं. तरी टॅक्सीत बसून आमच्याबरोबर आलात आणि पैशांचा विषयही काढू दिला नाहीत.

‘काशीने’ नावाच्या उद्यानाच्या पार टोकाला, झाडांमधे ती स्मारकाची छत्री. तिच्याखाली फेटा बांधलेला, रंगवलेला अर्धपुतळा. शेजारच्या पुलालाही तुम्ही लोक ‘इंदियानो’, म्हणजे भारतीय, म्हणता. पुतळ्यापाशी तुम्ही म्हणालात, आता तुम्ही सांगा, मी ऐकते. सकाळपासून बोलून तुमचा घसा बसला होता, तरी अर्धा तास उभ्याने ऐकलंत. मी पंचगंगेचा घाट सांगितला, संगमाला आमच्याकडे काय मानतात ते सांगितलं. मग तुम्ही खाली वाकून छत्रीच्या पायरीवरची वाळलेली पानं हाताने बाजूला केलीत. आम्ही समाधीपाशी करतो अगदी तसं. ते कुणी तुम्हाला शिकवलं नव्हतं.

सोबत त्या चार कारागिरांचं पेन्सिलने काढलेलं चित्र पाठवतोय. छिन्नी धरलेला हात तीनदा खोडला, चौथ्यांदा जमला. मूळ पट्टीशी ताडून बघा आणि चुकलं असेल तिथे कळवा.

तुमचा,
कोल्हापूरचा एक चित्रकला शिक्षक