गोळी परत चालू कर, सुन्या

शहापूर, बेळगाव

प्रिय सुन्या,

परवा वहिनींचा फोन आला तेव्हा कळलं, तू बीपीची गोळी बंद केलीस म्हणे. का तर डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि गोळीनं पाय सुजतात. फोनवर तू मधेच दुसरा विषय काढतोस म्हणून बसून लिहालोय, शेवटपर्यंत वाच की.

डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, असं नसतंय मर्दा. बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि आतल्या आत रक्तवाहिन्या कडक होत जातात, हृदयाची भिंत जाड होती, किडनी झिजती. हे मोठमोठ्या डॉक्टरांनासुद्धा उशिराच कळलं. अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट, त्याचं बीपी कित्येक वर्षं वाढत होतं आणि त्याचा डॉक्टर वयाच्या मानानं ठीक आहे म्हणत राहिला. 12 एप्रिल 1945 ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेला, त्या दिवशीचं बीपी 300/190 नोंदलंय. मग 1948 साली फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात 5,209 लोकांना वर्षानुवर्षं तपासत राहिले, तेव्हा कुठं कळलं की बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट ही पुढच्या अटॅकची कारणं आधीपासूनच दिसत असतात. तुझी तंबाखूची चिमूट त्यातच धर, तंबाखूच्या निपाणीत राहतोस म्हणून तिला सूट नाही.

आणि औषधाचं म्हणशील तर त्यात आपल्या मुंबईच्या माणसाचा हात आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीनं बीपी उतरतंय हे पेशंटवर नीट तपासून 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांचं तिकडं लक्ष गेलं. त्या मुळीतनं रेसरपिन नावाचं औषध काढलं. (मुळी घरी उगाळून घ्यायची नाही हं, डोसचा अंदाज लागत नाही, आणि जास्त झालं तर माणूस खचतो, उदास होतो.)

आता खरं सांगायचंय ते हे. हेच रेसरपिन आणि आणखी दोन औषधं घेऊन अमेरिकेत डॉ. फ्राइस यांनी 143 पुरुष निवडले, ज्यांचा खालचा आकडा 115 ते 129 होता. निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या, कुणाला काय मिळतंय हे पेशंटलाही माहीत नाही. 1967 ला निकाल छापला. औषध नसलेल्यांत 27 जणांना मोठा दणका बसला, कुणाचा मृत्यू, कुणाला अर्धांगवायू, कुणाचं हृदय थकलं. औषधवाल्यांत किती? 2. मी हा आकडा वाचला आणि पहिला तूच डोळ्यांपुढं आलास, कारण त्या रिकाम्या गोळीवाल्यांत तू आपणहून जाऊन बसलायस. तुझा आकडा तेवढा नाही हे मान्य, पण 2015 ला स्प्रिंट म्हणून 9,361 लोकांचा अभ्यास आला, त्यात वरचा आकडा 140 च्या ऐवजी 120 च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला तर हृदयाचे त्रास साधारण पाव हिश्शानं कमी झाले. तुला किती खाली आणायचं ते डॉक्टर ठरवतील, काहींना जास्त उतरलं की चक्कर येती.

पाय सुजतात ते बहुतेक तुझ्या गोळीतल्या अ‍ॅम्लोडिपिननं. तो त्रास खरा आहे, पण त्यावर गोळी बदलून मिळती, डोस कमी करता येतोय, नुसतं जाऊन सांगायचं. सरकारी दवाखान्यात बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात, पैशाचंही कारण नाही.

मिठाचं वहिनींना सांगितलंय. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, त्यात लोणचं, पापड, सांडगी मिरची, बेकरीतली खारी सगळं आलं. चीनमध्ये 600 खेड्यांत साध्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेलं मीठ दिलं तर अर्धांगवायू 14 टक्क्यांनी कमी झाले, 2021 चा निकाल आहे. पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर ते विचारल्याशिवाय आणू नको, पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

मेडिकलमध्ये जिना चढून गेल्या गेल्या, शर्टाच्या बाहीवरनंच पट्टा बांधून, गप्पा मारत बीपी बघतोस ना, त्या आकड्याला अर्थ नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला, दंड उघडा आणि छातीच्या उंचीला, अर्धा तास आधी चहा तंबाखू नाही. दोनदा बघायचं, वहीत लिहायचं.

रविवारी मशीन घेऊन सकाळच्या गाडीनं येतोय. तोवर उद्याच जाऊन डॉक्टरला सांग की मधे गोळ्या बंद केल्या होत्या, लपवू नको, आणि राहिलेल्या भरून काढायला एकदम दोन घेऊ नको.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या