पाचगणीच्या पठारावरचं आयसोएट्स वाचवूया : मदतीचं आवाहन

पावसाळ्यात टेबललँडवर गेलात की जांभ्याच्या खडकात जागोजागी उथळ डबकी भरलेली दिसतात. त्यातल्या काहींत कांद्याच्या पातीसारखी हिरवी पाती उभी असतात. गवतच आहे असं समजून लोक त्यावर पाय देऊन पुढे जातात. ते गवत नाही. ते आयसोएट्स, नेच्यांच्या भाऊबंदांतली वनस्पती. हिला फूल नाही, बी नाही. पातीच्या बुडाशी, आतल्या बाजूला बीजाणूंची, म्हणजे बीऐवजी ज्यांपासून नवं रोप उगवतं त्या कणांची, पिशवी असते. मोठे बीजाणू पांढुरके असतात आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ज्या अजस्र झाडांचा पुढे दगडी कोळसा झाला, त्यांची आज जिवंत असलेली सर्वांत जवळची नातेवाईक हीच.

यातल्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच पाचगणी आहे : आयसोएट्स पाचगणीएन्सिस. दुसरी, आयसोएट्स दीक्षिती, वनस्पती अभ्यासक शेंडे यांनी १९४५ साली जगापुढे आणली, तीही इथलीच. यांचा वावर सह्याद्रीच्या मोजक्या पठारांपुरताच आहे. आपल्या गावाचं नाव लावणारी वनस्पती आपल्याच पायाखाली संपली, तर ती जबाबदारी आपलीच.

पाऊस सरला की पाती सुकतात. जमिनीत राहतो तो छोटासा कंद आणि चिखलात पडलेले बीजाणू. उन्हाळ्यात डबकं कोरडं, रिकामं दिसतं आणि घात तेव्हाच होतो. त्यावरून गाड्या फिरतात, माती दाबून घट्ट होते, कोणी खड्डा म्हणून मुरूम टाकून बुजवतो. पावसात कचरा आणि लीद पाण्यात उतरते, शेवाळ माजतं. घोडेवाल्यांवर आमचा राग नाही, त्यांचं पोट पठारावर आहे. डबकी सोडून जाणारी वाट आखून दिली, तर दोघांचंही भागेल. ती वाट त्यांच्याशी बसूनच ठरवायची आहे.

मृग लागायच्या आत, रीतसर परवानगी घेऊन, निवडक डबक्यांभोवती लाकडी खुंट रोवून दोरी बांधायची आणि मराठी फलक लावायचे, असं आमच्या मंडळाने ठरवलं आहे. सिमेंटचं कुंपण नको, त्याने पाण्याची वाट अडते. खुंट, दोर, फलक आणि मजुरी यांसाठी पैसे हवेत. दोनशे रुपयेही मोलाचे आहेत. देणगी मंडळाच्या खात्यातच भरा, पावती जरूर घ्या. खर्चाचा हिशेब पावसाळ्यानंतरच्या सभेत मांडला जाईल.

पैशांइतकीच माणसंही हवीत. जुलै ते सप्टेंबर शनिवार-रविवारी पठारावर थांबून पर्यटकांना दोन शब्द समजावून सांगणारी. इथल्या शाळांनी मुलांना जरूर पाठवावं. कोणाकडे पठाराचे जुने पावसाळी फोटो असतील, तर त्यांच्या प्रती द्या. कोणती डबकी बुजली ते त्यावरून कळेल.

आणि रोप दिसलं तर उपटून आणू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा.