माशी पकडा, मग बोलू

प्रिय मित्रा,

तू फोनवर म्हणालास की 'द फ्लाय' म्हणजे तो १९८६चा किळसवाणा, मग जुना कशाला बघायचा. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. अरे, १९५८चा पिक्चरच वेगळा आहे. नव्यात माणूस हळूहळू माशी होताना बघत बसायचं, आणि जुन्यात सुरुवातीलाच माणूस मेलेला! मॉन्ट्रियलमधला कारखाना, हायड्रॉलिक प्रेसखाली आंद्रे नावाच्या शास्त्रज्ञाचं डोकं आणि हात चिरडलेला, आणि त्याची बायको एलेन दिराला फोन करून सांगते की मीच मारलं, पोलिसांना बोलव. म्हणजे कोणी मारलं ते माहीत, कसं मारलं ते माहीत, का मारलं तेवढं बाई सांगत नाही. इन्स्पेक्टर डोकं खाजवतोय की प्रेस दोनदा का चालवला. बाई मात्र घरात माशी दिसली की सैरभैर, नर्सने एक माशी मारली तर किंचाळते. शेवटी दीर (व्हिन्सेंट प्राइस, एरवी भयपटांतला खलनायक, इथे चक्क सज्जन) थाप मारतो की पांढऱ्या डोक्याची माशी माझ्याकडे आहे, तेव्हा कुठे ती तोंड उघडते.

मग फ्लॅशबॅक. वस्तूचे अणू सुटे करून इकडून पाठवायचे आणि तिकडच्या पेटीत परत जोडायचे, असा आंद्रेचा प्रयोग. एक छोटी डिश पाठवतात, पोचते मस्त, पण मागे बघावं तर 'मेड इन जपान' आरशातल्यासारखं उलटं. मला हा सीन जाम आवडतो, कारण गडबड किती बारीक असू शकते ते तिथेच कळतं. नंतर घरचं मांजर पेटीत ठेवतो, ते पोचतच नाही, नुसतं म्याव म्याव हवेत ऐकू येत राहतं. पुढे दिसणाऱ्या माशीच्या मुखवट्यापेक्षा मला हे जास्त भीतीदायक वाटलं. एवढं होऊनही पुढे एक गिनीपिग धड पोचलं की गडी स्वतःच आत शिरतो, आणि सोबत एक माशी. बाहेर येताना अदलाबदल: माशीचं डोकं आणि हात त्याला, त्याचं डोकं आणि हात माशीला.

त्यानंतरचा भाग खरा ताणतो. डोक्यावर कापड, डावा हात खिशात, बोलता येत नाही म्हणून टाइप केलेल्या चिठ्ठ्या, हो असेल तर एक टकटक, नाही असेल तर दोन. रम घातलेलं दूध मागतो आणि कापडाखालून नुसता सुर्रसुर्र आवाज येतो. दिग्दर्शक कर्ट न्यूमन चेहरा दाखवायची काही घाई करत नाही. आणि इकडे बायको, मुलगा, मोलकरीण सगळे माशीमागे धावतायत (ती सापडली तरच अदलाबदल परत फिरवता येईल), हसू यायला पाहिजे पण येत नाही, ती तडकलेल्या काचेतून निसटते तेव्हा तर आपणच चरफडतो.

कापड निघाल्यावर माशीच्या नजरेतून किंचाळणारी एलेन दिसते, एकाच वेळी पन्नास एलेन. हे सायन्स चूक आहे हं. संयुक्त डोळ्यातला एकेक कप्पा चित्राचा एकेक ठिपकाच पकडतो, मिळून चित्र एकच दिसतं. पण शॉट भारी आहे, माफ.

शेवट सांगतो, बोंबलू नकोस, अर्धी गोष्ट तुला माहितीच आहे. माणसाच्या डोक्याची ती माशी कोळ्याच्या जाळ्यात सापडते, बारीक आवाजात वाचवा वाचवा करते, आणि इन्स्पेक्टर दगड उचलून कोळ्यासकट तिला चिरडतो. (शूटिंगच्या वेळी प्राइस आणि इन्स्पेक्टर झालेला हर्बर्ट मार्शल यांना हसू आवरत नव्हतं, असं प्राइसनेच नंतर सांगितलंय.) मग दीर त्याला बरोबर पकडतो: एलेन खुनी तर तूही खुनी. झालं, केस आत्महत्या म्हणून बंद. पटकथा जेम्स क्लेव्हलची, पुढे 'शोगुन' ही कादंबरी लिहिणारा तोच, आणि हा पेच त्याने झकास बसवलाय.

मला मात्र ते पटलं नाही. एलेनने नवऱ्याच्या सांगण्यावरून बटण दाबलं, इन्स्पेक्टरला कोणी सांगितलं होतं? जाळ्यातला तर जगायचं म्हणत होता! तू बघ आणि भांडायला फोन कर, पण १९८६चा मध्ये आणू नकोस.

तुझाच,
मी