टायमिंग विचारणार नाही

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास, चूक माझीच होती. "खांदा बरा झाला की बघू" हे तोंडून निसटलं. तू म्हणालीस, "बाबा, मी सोडलंय. सुट्टीवर नाहीये." नंतर दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. परत पोहण्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

सकाळी उठतेस ना? एवढंच विचारायचंय. आई म्हणते, दुपारी बारालाही तुझा आवाज झोपेतला असतो. अकरा वर्षं पावणेपाचला पाण्यात उतरलेल्या पोरीनं हवं तेवढं झोपावं. पण झोपणं वेगळं आणि पडदे ओढून पडून राहणं वेगळं.

हल्ली मी मोठ्या जलतरणपटूंबद्दल वाचत बसतो. मार्क स्पिट्झनं १९७२ला सात सुवर्णपदकं घेतली आणि बाविसाव्या वर्षी थांबला. इयान थॉर्प २००६मध्ये, चोविसाव्या वर्षी. आणि फेल्प्स! २०१२च्या ऑलिंपिकनंतर तो दिवसचे दिवस खोलीत एकटा बसून होता, जगावंसंच वाटत नव्हतं, हे त्यानं स्वतः सांगितलंय. तेव्हा नावावर १८ सुवर्णपदकं होती. पुढे उपचार घेतले, बोलायला लागला, मग सावरला. बोलायला लागला, हे दोनदा वाच.

आणि व्यायाम एकदम तोडू नकोस. स्पर्धेआधी टेपरिंगमध्ये सराव कसा हळूहळू उतरवायचीस, तसंच आताही. झोपेत तुझी नाडी चाळिसापर्यंत यायची, ते हृदय एका महिन्यात साधं होत नाही. भूकही जुनीच राहते, खर्चायला मात्र... बघ, झालं भाषण सुरू. माफ कर.

तुला दोनशे बटरफ्लायची ती फायनल आठवते? शेवटच्या भिंतीशी अर्धा स्ट्रोक उरला. तू हात लांबवून तरंगत गेलीस, शेजारच्या लेनमधलीनं आखूड स्ट्रोक मारून आधी टचपॅड दाबलं. सहा शतांश सेकंद. तू बाहेर आलीस, ओठ निळे, आणि मी विचारलं, "तिसऱ्या टर्नला किती घालवलेस?" टॉवेल माझ्या खांद्यावर होता. तो मी दिलाच नाही. आईनं येऊन काढून घेतला. त्यावरून ती आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती, ते तुला कधी कळलं नसेल.

पुढच्या वर्षी तू जिंकलीस. तेव्हाचं एक सांगायचं राहिलंय. माझं स्टॉपवॉच मी बंदच केलं नाही. रात्री खिशात सापडलं, चार तास बावीस मिनिटं आणि चालूच. तू भिंतीला हात लावलास तेव्हा मी काय करत होतो, मला खरंच आठवत नाही. आई म्हणते, रडत होतास.

निळी पिशवी मी माळ्यावर टाकलेली नाही. टाक म्हणालीस तर टाकीन. गॉगलचा पट्टा तुटलाय, तो शिवून ठेवला. उगाच. त्यातून काही अर्थ काढू नकोस.

खोलीचा पडदा उघडतेस ना? मी अजून चारलाच जागा होतो, गजर न लावता. उद्या पावणेपाचला फोन करीन. टायमिंग विचारणार नाही, खांदाही नाही. बोलायचं नसेल तर नुसता उचल आणि परत झोप.

तुझा,
बाबा