गाळ उपसण्याआधी त्याचे थर तपासा

मा. संपादक,
स. न.

बंदरांतला आणि तलावांतला गाळ उपसण्याच्या बातम्यांत किती घनमीटर गाळ निघणार, खर्च किती, मुदत किती, हे सगळे असते. त्या गाळात कोणत्या खोलीवर किती पारा आहे, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. पाण्याचा अहवाल समाधानकारक आला की विषय संपतो. पण पारा पाण्यात फार काळ राहत नाही. चिकणमातीच्या बारीक कणांना आणि सेंद्रिय द्रव्याला चिकटून तो तळाशी बसतो. त्यामुळे पाणी निर्दोष ठरले तरी तळ विषारी असू शकतो.

नुसता वरचा गाळ तपासूनही भागत नाही. अनेक जुन्या औद्योगिक बंदरांत पाऱ्याचा सर्वांत मोठा भार विसाव्या शतकाच्या मध्याला पडला. कॉस्टिक सोडा आणि क्लोरिनचे पाऱ्यावर चालणारे कारखाने त्याला मोठे कारण होते. पुढे निर्बंध आले आणि त्या थरावर तुलनेने स्वच्छ गाळ साचला. अशा ठिकाणी वरचा अर्धा मीटर गाळ काढणे म्हणजे झाकलेला सर्वांत वाईट थर उघडा करणे. वरचा आणि खोलवरचा गाळ बादलीत कालवून एकच सरासरी आकडा दिला, तर हा थर अहवालात दिसतच नाही.

म्हणून गाळाचा उभा गाभा, म्हणजे थर न मोडता नळीत घेतलेला नमुना, काढावा लागतो. पारदर्शक नळी सावकाश खाली सोडावी. वर आल्यावर गाळावरचे पाणी गढूळ असेल तर वरचा थर ढवळला गेला आहे, नमुना पुन्हा घ्यावा. नळी उभीच ठेवून एक-एक सेंटिमीटरच्या चकत्या कापाव्यात आणि प्रत्येक चकतीची कड खरवडून टाकावी, कारण नळी आत शिरताना वरचा चिखल कडेने खाली ओढला जातो. पाऱ्यासाठीचा नमुना १०५ अंशांच्या भट्टीत वाळवू नये. काही पारा उडून जातो आणि आकडा खोटा कमी येतो. तो गोठवून निर्वातात वाळवावा. वाळू जास्त असेल तर पारा कमी दिसतो, म्हणून ६३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांचा भाग वेगळा मोजावा.

थराचे वय शिसे-२१० या शिशाच्या किरणोत्सारी रूपावरून काढतात. त्याचे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) सुमारे २२ वर्षे असल्याने शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाता येते. १९६३ च्या सुमाराचे अणुचाचण्यांतले किरणोत्सारी सीझियम-१३७ पडताळणीला घ्यावे. किडे गाळ उकरत असतील किंवा जहाजांचे नांगर तो ढवळत असतील, तर हे कालमापन फसते. जागा निवडतानाच ते पाहावे.

मैलापाण्याची नोंदही याच थरांत सापडते. माणसाच्या विष्ठेतला कोप्रोस्टॅनॉल हा स्निग्ध पदार्थ आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूचे बीजाणू प्राणवायूविना गाळात दीर्घकाळ टिकतात. मैलापाण्यातल्या फॉस्फरसवर मात्र विसंबू नये. प्राणवायू संपला की तो थर सोडून वर सरकतो.

पारा आणि मैला यांचे अहवाल वेगवेगळ्या खात्यांत पडून राहतात, ही मला सर्वांत घातक गोष्ट वाटते. मैल्यातले सेंद्रिय द्रव्य कुजताना प्राणवायू संपतो. मग सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात आणि त्यांतले काही साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात, म्हणजे त्याच्या अधिक विषारी सेंद्रिय रूपात, रूपांतर करतात. माशांत साठतो तो मुख्यतः हाच. म्हणजे कारखाना बंद होऊन दशके लोटली, तरी उघड्या गटाराचे पाणी जुन्या पाऱ्याला माशांपर्यंत पोहोचवत राहते.

जपानच्या मिनामाता उपसागरात कारखान्याचे पारायुक्त पाणी १९६८ पर्यंत सोडले जात होते. तिथे २५ पीपीएमपेक्षा (दशलक्ष भागांत २५ भाग) जास्त पारा असलेला गाळ कुठवर पसरला आहे हे आधी ठरवले आणि मग १९७७ ते १९९० या काळात सुमारे १५ लाख घनमीटर गाळ, काही उपसून आणि काही जागीच, भरावाखाली बंदिस्त केला.

म्हणून निविदा काढण्यापूर्वी तीन गोष्टी जाहीर व्हाव्यात: किमान काही ठिकाणचा खोलीनिहाय पारा, उपशानंतर उघड्या पडणाऱ्या थरातला पारा, आणि काढलेला गाळ नेमका कुठे जाणार. एकूण पाऱ्याबरोबर मिथिल पाराही मोजावा. काम चालू असताना गाळ-पडदे (गढूळ पाणी पसरू न देणारे पाण्यातले पडदे) लावावेत आणि त्यापलीकडचे गढूळपण रोज तपासावे. उपसा संपल्यावर निदान दोन-तीन वर्षे तिथल्या माशांतला पारा मोजून आकडे प्रसिद्ध करावेत. मासे विकणाऱ्यांना आणि खाणाऱ्यांना ते मिळालेच पाहिजेत.

– गाळ व जलरसायनाचा एक अभ्यासक