ब्रेक नेमका कुठे मारायचा

रामबाग, इंदूर
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

परवा माळा आवरताना तुझं प्लेस्टेशनचं मेमरी कार्ड सापडलं. करडं, 15 ब्लॉकवालं, मागे बॉलपेनने लिहिलेलं ‘हात लावू नये’. पुण्याला जाताना तू विसरलास की मी ढापलं, देव जाणे. ढापलंच असणार.

‘ग्रान टुरिस्मो’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचं लायसन आठवतं? गेम 1997 ची, आपल्याकडे दुबईच्या मामांच्या कृपेने उशिरा पोचली. खिशात 10,000 क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, त्यात एखादी जुनी गाडी घ्यायची, आणि लायसन नसेल तर शर्यतीत उभंही करत नसत. पहिली परीक्षा काय, तर गाडी सुसाट सोडायची आणि आखलेल्या पट्ट्यात थांबवायची. सोन्याच्या पदकासाठी तू तीन रविवार घातलेस. आई पोहे-जिलेबी ठेवून जायची, पोह्यांवरची शेव मऊ पडायची आणि तू म्हणायचास, “थांब, आत्ता कळलं ब्रेक कुठे मारायचा!” सगळी सोन्याची पदकं झाल्यावर बक्षिसाची गाडी मिळाली, तेव्हा मला चावीसुद्धा दिली नाहीस.

आता ऐक. ताईच्या चिंटूने वाढदिवसाच्या पैशांतून त्याच्या गेममधल्या सगळ्या गाड्या एकदम उघडणारं पॅकेज घेतलं. मी भाषण सुरू करणार, तोच तो म्हणाला, “मामा, मला जिंकायचंच नाहीये. गाड्या बघायच्यात.” आणि खरंच, दारं उघडून आतला डॅशबोर्ड बघत बसला. मी गप्प. तसंही मी कोण बोलणार? 2005 च्या ‘मोस्ट वॉन्टेड’ या शर्यतीच्या गेममध्ये प्रतिस्पर्ध्याला हरवलं की सहांपैकी दोन चिठ्ठ्या उचलायच्या असत. त्याची गाडी मिळवून देणारी चिठ्ठी नाही निघाली, तर सेव्ह व्हायच्या आत मी कॉम्प्युटरच बंद करायचो आणि तुला सांगायचो की लाइट गेली. आज कबूल करतो.

पण चिंटूची चीड येत नाही, दुसऱ्याच गोष्टीची येते. 2022 च्या मार्चमध्ये ‘ग्रान टुरिस्मो 7’मध्ये काही शर्यतींची बक्षिसं कापली, वर सर्व्हर 30 तासांहून जास्त बंद. काही गाड्यांची किंमत 2 कोटी क्रेडिटपर्यंत, आणि क्रेडिट खऱ्या पैशांतही मिळणार. लोक असे खवळले की गेमचे निर्माते यामाउची यांना माफी मागून 10 लाख क्रेडिट वाटावे लागले. एकच शर्यत शंभरदा मारून पैसे साठवायचे, ही हमाली झाली रे. तुझे तीन रविवार हमाली नव्हती. दर खेपेला तू हातभर तरी पट्ट्याच्या जवळ जात होतास. रस्ता मुद्दाम लांब करायचा आणि आडवाट विकायची, हा तर दुकानदाराचा हिशेब.

थंडीत येतोयस ना? सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू, आपला तळलेला कंद, खाऊ. कार्ड अजून चालतंय का, ते मी पाहिलेलं नाही. तू आल्यावरच लावू. पहिली पाळी माझी.

तुझा,
बाळ्या