गरोदरपण, उन्हाळा आणि गणवेश

महोदय,

माझ्या गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने ऐन उन्हाळ्यात गेले. या काळात शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, त्वचेकडे अधिक रक्त वाहते आणि उकाडा एरवीपेक्षा जास्त जाणवतो. तरीही कार्यालयात कमरेला घट्ट बसणारा पॉलिस्टरचा गणवेश सक्तीचा होता. संध्याकाळी पोटावर इलॅस्टिकचा लालबुंद वळ उमटलेला असे. अखेर मी सैल सुती सदरा आणि पोटाखाली बसणारी, रुंद पट्ट्याची विजार शिवून घेतली, सुजलेल्या पायांसाठी एक माप मोठी चप्पल आणली, तेव्हा कुठे जिवाला बरे वाटले. परवानगीसाठी मात्र तीन अर्ज करावे लागले. गरोदर कर्मचाऱ्यांना अशा कपड्यांची मुभा गणवेशाच्या नियमातच का असू नये?

– एक वाचक